घोडे भारी होते, मान्य. पुढे?

तर झालं असं, की गेल्या शनिवारी बाबा पुण्यात आले होते. आमच्या फ्लॅटवर बॅचलर लोकांचं राज्य, त्यामुळे त्यांना दाखवण्यासारखं घरात काहीच नव्हतं. मग एका मित्राच्या हार्ड डिस्कवर (कुठून आला ते विचारू नका) 'तारास बुल्बा' सापडला. १९६२ सालचा. युल ब्रिनर आणि टोनी कर्टिस. बाबांनी तो कॉलेजात असताना कोल्हापुरात मॉर्निंग शोला बघितला होता, म्हणजे आग्रह होणारच. मिसळ मागवली, पडदे ओढले आणि पाच जण टीव्हीसमोर बसलो. मी, बाबा, माझे दोन रूममेट आणि टीममधला एक बंगाली मित्र, जो फुकटच्या मिसळीला कधीही नाही म्हणत नाही.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. युक्रेनच्या गवताळ मैदानातले कोसॅक पोलिश सैन्याला तुर्कांविरुद्ध जिंकायला मदत करतात आणि जिंकून झाल्यावर पोलिश त्यांच्यावरच उलटतात. तारास बुल्बा हा त्यातला एक सरदार. तो शेंडीसारखी बट सोडून डोकं तासून टाकतो आणि पोलिशांचा सूड घेईन म्हणून पोरं वाढवतो. थोरल्या-धाकट्याला शिकायला कीएव्हला पाठवतो. तिथं आंद्रेई एका पोलिश मुलीच्या प्रेमात पडतो. पुढे कोसॅक दुब्नो शहराला वेढा घालतात, मुलगी आत, पोरगा बाहेर. पोरगा आत जातो, शत्रूच्या बाजूनं लढतो आणि बाप त्याला स्वतःच्या हातानं मारतो. मूळ कथा निकोलाय गोगोलची.

पिक्चर संपला आणि खोलीत चार मतं झाली.

बाबा म्हणाले, "असे पिच्चर आता होत नाहीत. घोडे बघितलेस? एकही कॉम्प्युटरचा नाही!"

पहिला रूममेट (नागपूरचा, इतिहासाचा किडा) म्हणाला, "सगळं चूक आहे. बाप बेट्याहून पाच वर्षांनी मोठा, बेटा बोलतो न्यूयॉर्कच्या गल्लीतलं इंग्रजी, आणि व्होलिनमध्ये एवढाले डोंगर आले कुठून?"

दुसरा रूममेट म्हणाला, "अरे पिच्चर आहे, डॉक्युमेंटरी नाही. टाइमपास म्हणून बघ ना."

बंगाली मित्र काहीच बोलला नाही. मिसळीचा रस्सा संपवत राहिला. त्याच्याकडे नंतर येतो.

मंडळी, माझं भांडण आहे ते पहिल्या तिन्ही मतांशी. कुठलाही जुना ऐतिहासिक पिक्चर घ्या, प्रेक्षक याच तीन रांगांत बसतात. घोडेवाले, चुका मोजणारे आणि टाइमपासवाले. तिघांनाही वाटतं की आपण एकमेकांच्या विरुद्ध बोलतोय. माझं म्हणणं असं, की तिघंही एकच गोष्ट करतायत. खरा प्रश्न टाळतायत.

घोडेवाले

बाबांपासून सुरुवात करतो, कारण त्यांचं म्हणणं सगळ्यात खरं आहे. घोडे खरंच भारी आहेत. पिक्चरचं शूटिंग अर्जेंटिनातल्या साल्टा भागात झालं आणि त्या मुलखात घोड्यावरच वाढलेली माणसं कोसॅक म्हणून उभी केली. दुब्नोकडे निघालेल्या स्वारीचा जो प्रसंग आहे त्यात एक टोळी निघते, मग टेकडीआडून दुसरी येऊन मिळते, मग तिसरी, मग चौथी... आणि खाली फ्रान्झ वॅक्समनचं संगीत चढत जातं. अंगावर काटा येतो. त्या संगीताला ऑस्करचं नामांकन होतं, पण त्याच वर्षी 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' होता, त्यामुळे पुढचं सांगायला नको.

पण घोड्यांवर बसून माणसं चालली कुठं होती? काय करायला? हे घोडेवाला प्रेक्षक विचारत नाही. त्याचं मन धुळीतच रमतं.

चुका मोजणारे

आता आमचा नागपूरकर. त्यानं सांगितलेल्या चुका सगळ्या खऱ्या. ब्रिनरचा जन्म १९२०चा, कर्टिसचा १९२५चा. बाप-लेक म्हणून दोघं शेजारी उभे राहिले की कॉलेजातला सीनियर-ज्युनियर वाटतात. कर्टिस ब्राँक्समध्ये वाढलेला, त्याची बोली तो लपवतही नाही. डोंगर अर्जेंटिनाचे.

पण ही यादी म्हणजे कोड रिव्ह्यूमध्ये फक्त स्पेस आणि इंडेंटेशनवर कॉमेंट टाकण्यासारखं आहे. आमच्याकडे एक जण आहे असा. तीस कॉमेंट, सगळ्या बरोबर, आणि ज्या एका ओळीमुळे प्रॉडक्शन झोपलं ती याच्या नजरेखालून सुखरूप गेली.

शिवाय गंमत अशी, की चुका मोजायच्याच तर पहिलं नाव गोगोलचं लागेल. त्यानं कथेत पंधराव्या शतकाचा उल्लेख केला, पण त्यातली कीएव्हची विद्यापीठं, पोलिशांशी चिघळलेली लढाई हे सगळं सतराव्या शतकातलं. तीन शतकांची भेळ आहे ती. त्याला तारीखवार इतिहास लिहायचाच नव्हता. मग त्याच्यावर बेतलेल्या पिक्चरमधले जोडे कुठल्या सालचे, यावर रात्री दीडपर्यंत वाद घालून काय मिळतं?

मोजायच्या चुका वेगळ्या आहेत. त्या मी मोजतो.

एक. गोगोलच्या कथेत तीन मरणं आहेत. धाकटा आंद्रेई बापाच्या हातून मरतो. थोरला ओस्ताप पकडला जातो आणि वॉर्साच्या चौकात हालहाल करून मारला जातो. बाप वेष बदलून त्याच गर्दीत उभा असतो. पोरगा शेवटच्या क्षणी बापाला हाक मारतो आणि गर्दीतून बाप ओ देतो. मग सूड घेत सुटलेला तारासही शेवटी सापडतो, पोलिश त्याला झाडाला जखडून जाळतात. चेक संगीतकार यानाचेकनं पहिल्या महायुद्धाच्या काळात याच कथेवर वाद्यवृंदासाठी रचना केली, तिचे भागच तीन, तीन मरणांचे. एकही शब्द न वापरता त्या माणसानं तिन्ही मरणं ठेवली. हॉलिवूडनं दोन तास आणि एवढे घोडे घेऊन एकच ठेवलं. पिक्चरमध्ये ओस्तापचा वध नाही, तारास जळत नाही. दुब्नो पडतं, बाप जिंकतो.

आता हे 'छोटा बदल' म्हणून सोडून देता येईल का? कथेचा अर्थच उलटा झाला. गोगोलचा बाप सगळं गमावतो, दोन्ही मुलं, आणि शेवटी स्वतःला. सूडाची किंमत किती, ते तिथं शेवटच्या पैशापर्यंत मोजलंय. पिक्चरमधला बाप एक मुलगा देतो आणि बदल्यात शहर घेतो. म्हणजे सौदा पटला! थेटरातून बाहेर पडताना प्रेक्षकाच्या खिशात काहीतरी शिल्लक राहिलं पाहिजे, हा हिशोब.

दोन. गोगोलचा आंद्रेई स्वतःहून जातो. त्याला कोणी धमकावलेलं नाही. त्याच्या लेखी ती मुलगी हाच आता देश, आणि ते तो सरळ बोलतो. भयंकर आहे, पण माणूस म्हणून पूर्ण आहे. पिक्चरमध्ये मात्र पोलिश लोक त्या मुलीला कोसॅकवर प्रेम केलं म्हणून जाळायला निघतात आणि तिला वाचवण्यासाठी आंद्रेई उपाशी शहराला गुरं आणून द्यायला कबूल होतो. म्हणजे बिचारा नाइलाजानं फितूर! टोनी कर्टिसला खरा फितूर कसा दाखवणार, पोस्टरवर चेहरा त्याचाच ना. (एक मात्र खरं. गोगोलनं त्या मुलीला नावसुद्धा दिलेलं नाही. पिक्चरनं नाताल्या हे नाव दिलं. तेवढं श्रेय द्यायला हवं.)

तीन. आणि ही खरी. गोगोलच्या कथेत मोहिमेवर निघण्याआधी कोसॅक एक काम करतात. ज्यू लोकांना धरून नीपर नदीत फेकतात. गोगोल हे जवळजवळ विनोदी ढंगानं लिहितो, बुडणाऱ्यांचे पाय हवेत हलताना बघून कोसॅक हसतात. वाचताना पोटात ढवळतं. ही निव्वळ कल्पनाही नव्हती. १६४८ साली बोहदान ख्मेलनित्स्कीनं पोलिश सत्तेविरुद्ध उठाव केला, त्यात हजारो ज्यू मारले गेले, वस्त्याच्या वस्त्या संपल्या. नेथन हॅनोवर नावाच्या धर्मगुरूनं त्यातून निसटून हे सगळं हिब्रूत लिहून ठेवलं, १६५३ मध्ये व्हेनिसला ते छापलं गेलं. त्याच ख्मेलनित्स्कीचा घोड्यावरचा पुतळा १८८८ पासून कीएव्हच्या मध्यभागी उभा आहे. एकाच माणसाचा एकीकडे पुतळा, दुसरीकडे शोकाची प्रार्थना.

पिक्चरमधून नदीचा तो प्रसंग गायब आहे. आणि ज्यानं कोसॅक तरुणाची भूमिका केली तो टोनी कर्टिस कोण? हंगेरीतून आलेल्या ज्यू आईबापांचा मुलगा. एक ज्यू मुलगा कोसॅकाचे कपडे घालून घोड्यावर बसलाय आणि कोसॅकांनी ज्यूंचं काय केलं याचा दोन तासांत एक शब्द नाही. मला नाही वाटत कोणी कट करून हे केलं. कोणाला नकोच होतं ते. नायक स्वच्छ पाहिजे होता. १९६२ साली, दुसऱ्या महायुद्धानंतर सतराच वर्षांनी, नदीतला तो 'विनोद' पडद्यावर दाखवणं अशक्य होतं हेही मला समजतं. पण मग दोन रस्ते होते. एक म्हणजे तो प्रसंग दाखवून त्याच्याकडे गोगोलपेक्षा शहाण्या नजरेनं बघायचं. दुसरा, पुसून टाकायचा. पुसणं स्वस्त पडतं.

टाइमपासवाले

"पिक्चरच तर आहे" हे वाक्य डोक्यात जातं माझ्या. कारण ते कोणीच मनापासून म्हणत नाही.

हाच माझा दुसरा रूममेट. २०१५ साली 'बाजीराव मस्तानी' आला, त्यात काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालतात म्हणून केवढा गदारोळ झाला, आठवतंय? तेव्हा हा होस्टेलवर होता आणि रात्रभर भांडला होता, आमच्या पेशव्यांच्या घरातल्या बायका अशा नाचतील का म्हणून. तेव्हा नाही म्हणाला, "पिक्चरच तर आहे"! दुसऱ्याचा इतिहास असला की टाइमपास, आपला असला की अस्मिता. साला, हे कुठलं लॉजिक?

आणि दुसऱ्याचा म्हणजे किती दुसऱ्याचा? आमच्या क्लायंटकडे एक युक्रेनियन डेव्हलपर आहे. २०२२ च्या हिवाळ्यात कॉल चालू असताना त्याची वीज जायची आणि तो गायब व्हायचा. परत आला की 'सॉरी' म्हणून थेट कामाला लागायचा. सोमवारी मी त्याला सहज विचारलं, हा पिक्चर बघितलायस का. तो हसला आणि त्यानं उलट विचारलं, "कुठला तारास? पहिला की दुसरा?"

मला वाटलं दुसऱ्या पिक्चरबद्दल बोलतोय. तो पुस्तकाबद्दल बोलत होता. मग शोधून वाचलं. गोगोलनं ही कथा दोनदा लिहिलीय. १८३५ ची पहिली, नऊ प्रकरणांची. १८४२ ची दुसरी, बारा प्रकरणांची. पहिल्या खर्ड्यातला तारास युक्रेनी मातीतला आहे. दुसऱ्यात रशियन भूमी, रशियन आत्मा असले शब्द वाढले आणि जळता जळता तारास रशियाच्या झारचं भविष्य सांगतो. आणि रशियात पिढ्यान्‌पिढ्या शाळेत शिकवला गेला तो हाच दुसरा.

आता त्या झारच्या भविष्याचं झालं काय? १६५४ मध्ये कोसॅकांनी झारची निष्ठा पत्करली. १७७५ मध्ये कॅथरीन दुसरीच्या हुकुमानं रशियन फौजेनं कोसॅकांची सिच, म्हणजे नीपरच्या धबधब्यांखालचं त्यांचं ते लष्करी ठाणं, कायमचं उद्ध्वस्त केलं. गोगोलनं दुसरा खर्डा लिहिला तेव्हा या गोष्टीला सदुसष्ट वर्षं झाली होती. तो स्वतः पोल्तावाकडचा, त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आणि १८७६ मध्ये, गोगोल जाऊन चोवीस वर्षांनी, झारनं युक्रेनी भाषेतली पुस्तकं छापण्यावरच बंदी घातली.

२००९ साली, गोगोलच्या द्विशताब्दीला, रशियात पुन्हा 'तारास बुल्बा' झाला, व्लादिमिर बोर्त्कोचा. सरकारी पैसा, दुसरा खर्डा, मरणारा प्रत्येक कोसॅक रशियन भूमीचा जयजयकार करून मरतो. युक्रेनमध्ये त्यावर बरीच टीका झाली. तारास झाला होता बोहदान स्तुप्का, युक्रेनचा मोठा नट. आणि याच स्तुप्कानं त्याआधी दहा वर्षं, १९९९ मध्ये, पोलंडच्या 'विथ फायर अँड स्वोर्ड' मध्ये ख्मेलनित्स्की केला होता. तिथं पोलिशांच्या नजरेतून. एकच चेहरा, एकदा पोलंडच्या गोष्टीत, एकदा रशियाच्या गोष्टीत.

त्यामानानं १९६२ चा हॉलिवूडवाला पिक्चर बघा. त्यात झार नाही, रशियाची भविष्यवाणी नाही. निखळ अडाणीपणानं म्हणा किंवा शीतयुद्धामुळे म्हणा, त्यानं तारासला युक्रेनचा म्हणून ठेवला. कीएव्हमध्ये शिकायला गेलेल्या पोरांना पोलिश विद्यार्थी गावंढळ म्हणून कसे झोडपतात, ते बऱ्यापैकी मन लावून दाखवलंय. चुका मोजणाऱ्यांच्या यादीत ही जमेची बाजू कधी येते का? नाही येत. कारण त्यासाठी जोड्यांवरून नजर वर उचलावी लागते.

पुस्तकाच्या कुठल्या खर्ड्यातला तारास, यावर लोक जीव तोडून भांडतात आणि आपण म्हणायचं टाइमपास!

आता बंगाली मित्र

इथं लेख संपवला असता तर मी मोठा शहाणा ठरलो असतो. पण शनिवारी तसं झालं नाही.

मी वरचं सगळं (गोगोलच्या दोन खर्ड्यांचं सोडून, ते नंतर कळलं) तावातावानं बोलून दाखवलं. गाळलेली माणसं, पुसलेली नदी, स्वच्छ केलेले नायक वगैरे वगैरे. तेव्हा बंगाली मित्रानं वाटी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाला, की त्याची आजी त्याला झोपवताना एक अंगाई म्हणायची. पोरं झोपली, गाव निजलं आणि देशात 'बोर्गी' आले, आता सारा कुठून भरायचा, अशा अर्थाची. बंगालमध्ये घरोघरी म्हणतात ती. मग नागपूरकराकडे बघून म्हणाला, "बोर्गी म्हणजे तुमचेच लोक."

बोर्गी म्हणजे बारगीर. १७४१ ते १७५१, दहा वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. कलकत्त्याच्या लोकांनी भीतीपोटी १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नावच 'मराठा डिच'. गंगाराम नावाच्या बंगाली कवीनं 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं, नाव आपलं, आत जळलेली गावं त्यांची. शेवटी अलिवर्दी खानानं ओडिशावर पाणी सोडलं आणि वर्षाला बारा लाख चौथ कबूल केली तेव्हा हे थांबलं.

आमच्या इतिहासाच्या किड्याला तारखा सगळ्या पाठ होत्या. रघूजी, भास्करराम, कटवा, सगळं. पण अंगाई त्याला ठाऊक नव्हती. मलाही नव्हती. माझ्या डोक्यात 'मराठ्यांचे घोडे बंगालपर्यंत गेले' एवढंच होतं, आणि ते शाळेत असताना मी अभिमानानं वहीच्या मागच्या पानावर लिहिलेलंही आठवतंय. म्हणजे मीसुद्धा घोडेवालाच की!

खोलीत जरा शांतता झाली. टाइमपासवाला पुटपुटला, "पण ते युद्ध होतं ना यार." हेच वाक्य दुब्नोच्या वेढ्याबद्दल कोणीही कोसॅक म्हणेल.

मी इथं कोसॅक आणि मराठे एकच, असं म्हणत नाहीये. काळ वेगळे, कारणं वेगळी, आणि नीपरकाठी ज्यूंचं जे झालं ती धर्मावरून माणसं निवडून केलेली कत्तल होती. शिवाय आपल्या इतिहासात अभिमान वाटावा असं पुष्कळ आहे, तो मलाही वाटतो आणि वाटणारच. मुद्दा एवढाच, की घोड्यांवरून जाणाऱ्यांची गोष्ट सांगताना ज्यांच्या दारावरून घोडे गेले त्यांची गोष्ट गाळली, तर ती गोष्ट खोटी होते. तारीख, जोडे, डोंगर सगळं बरोबर असलं तरी. आणि प्रेक्षक म्हणून आपण जर गाळलेलं मागितलंच नाही, तर कोणता निर्माता स्वतःहून देणार आहे? मागणी नसलेलं फीचर कोणी बनवत नाही, हे आपल्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

म्हणून यापुढे कुठलाही ऐतिहासिक पिक्चर बघितला, आपला किंवा परका, की बाहेर आल्यावर एकच प्रश्न विचारा. या गोष्टीत कोण असायला हवं होतं आणि नाही? उत्तर मिळालं नाही तर शोधा. तेवढं केलंत की मग खुशाल घोडे बघा, टाइमपास करा, जोड्यांची सालं मोजा.

बाबा त्या रात्री काही बोलले नाहीत. रविवारी सकाळी स्वारगेटला सोडायला गेलो तेव्हा बसमध्ये चढता चढता म्हणाले, "त्या तुझ्या मित्राला विचार रे, ती अंगाई पूर्ण येते का त्याला. लिहून घे." मग थांबून म्हणाले, "पण घोडे मात्र खरे होते हां."

होते, बाबा. खरेच होते.

असो. उद्या सकाळी रिलीज आहे आणि माझ्याच कोडच्या रिव्ह्यूमध्ये तीस कॉमेंट येऊन पडल्यात. सगळ्या स्पेसबद्दल. :-)